बासष्टावा भाग

रविवारी सकाळी साडेआठ वाजता महामाया सोनकांबळेनं ठरवलं, की तेरा वर्षांपूर्वी अर्धी सोडलेली गोष्ट आज पुरी करून टाकायची. काम काही मोठं नव्हतं. एकच भाग राहिला होता, बासष्टावा. दोन तास लिहायला, अर्धा तास ऱ्हस्व-दीर्घ बघायला, अकरा वाजता मेथी निवडायला मोकळं. सोळा वर्षं सरकारी कार्यालयात आवक-जावकचं टेबल सांभाळलेली बाई होती ती. रोज दीडशे कागद हातावेगळे करणाऱ्या माणसाला एका गोष्टीचं काय एवढं? आत्मविश्वास असा दांडगा, की तिनं मेथीची जुडी आधीच सोडून ताटात पसरून ठेवली.

ती मेथी शेवटी तिच्या नवऱ्यानं, संघपालनं निवडली. आणि बासष्टावा भाग लिहून व्हायला चार महिने लागले. मध्ये एक कारणे दाखवा नोटीस आली, गल्लीतल्या इलेक्ट्रिशियननं बोलणं टाकलं, आणि घरात आठ दिवस अशी शांतता पसरली की पाहुण्यांना वाटावं कुणाची तरी परीक्षा चालू आहे.

मूळ प्रकार असा. तेरा-चौदा वर्षांपूर्वी टीव्हीवर ‘मखमली उंबरठा’ नावाची मालिका लागायची. पुण्यातला बंगला, बंगल्यात अद्वैत नावाचा देखणा मुलगा, शर्वरी नावाची सोशिक सून, आणि झोपतानाही रेशमी साडी नेसणारी सासू मंदाकिनीदेवी. ती लागली की अहमदपुरातल्या बायका कुकरखालचा गॅस बंद करत, संवाद ऐकू यावेत म्हणून. आणि एके दिवशी वाहिनीनं कुणाला काही न विचारता मालिका बंद केली. शर्वरीचं काय झालं, अद्वैत काय म्हणाला, काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला कढई कशी घासावी याचा कार्यक्रम.

बायका हळहळल्या आणि कढया घासायला लागल्या. महामाया मात्र पेटली. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. तिनं फेसबुकवर ‘मखमली उंबरठा : पुढं काय झालं’ नावाचं पान काढलं आणि पुढची गोष्ट स्वतःच लिहायला घेतली. दुसऱ्याची पात्रं घेऊन आपण गोष्ट पुढं नेली की तिला फॅन फिक्शन म्हणतात, हे तिला तिसाव्या भागापर्यंत माहीतही नव्हतं. तोवर चारशे वाचक झाले होते. नांदेडच्या, लातूरच्या, बिलोलीच्या, शिरूर अनंतपाळच्या बायका. एक पुरुषही होता. तो चुकून आला होता, पण मग गेला नाही.

एकसष्टाव्या भागात शर्वरी बॅग उचलून बंगल्याबाहेर पडते, अद्वैत गाडी चालू करतो, आणि मंदाकिनीदेवी दारात येतात. शेवटचं वाक्य होतं : ‘त्यांनी तोंड उघडलं.’ पुढं त्या काय बोलणार हे महामायाला पक्कं ठाऊक होतं, पण तेवढ्यात तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, विशाखा. मग दात, गोवर, बालवाडी, बदली, परत बदली. मंदाकिनीदेवी तेरा वर्षं तोंड उघडं ठेवून दारात उभ्या राहिल्या.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी उदगीरहून गौरम्माचा निरोप आला होता. गौरम्मा ही सगळ्यात जुनी वाचक, पहिल्या भागापासूनची. तिनं लिहिलं होतं, ‘माया, मी साठीला आले. ती बाई अजून दारातच उभी आहे. तिला आत तरी घे, नाहीतर बाहेर तरी काढ.’

एवढं वाचल्यावर कोणता लेखक गप्प बसेल?

पहिली चूक महामायानं ही केली, की लिहिण्याआधी जुने एकसष्ट भाग वाचून काढले. ते वाचताना एकोणतिसाव्या वर्षी तिला रडू यायचं. बेचाळिसाव्या वर्षी तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अद्वैतचे डोळे एकूण एकोणीस वेळा समुद्रासारखे होते, आणि हे लिहिणाऱ्या बाईनं तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. चौतिसाव्या भागात अद्वैतला ताप येतो, शर्वरी त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवते, आणि हे सलग अकरा पानं चालतं. अद्वैतच्या जागी कुणीही असता तर थंडीनंच गेला असता.

संघपाल शाळेत गणित शिकवायचा. मेथी निवडता निवडता त्यानं मोबाईलवर दोन-चार भाग चाळले आणि फक्त एवढंच म्हणाला, “अगं, बंगला दोन मजली आहे ना? मग बाविसाव्या भागात ही तिसऱ्या मजल्यावर कशाला जाऊन रडते?”

महामायाचा स्वाभिमान तिथंच दुखावला. तिनं ठरवलं, नवा भाग नंतर, आधी डागडुजी. तिसरा मजला पाडला. ओल्या पट्ट्या दोन पानांत आटोपल्या. एकोणीस समुद्रांतले चार ठेवले, पंधरा आटवले. सुधारलेले भाग पानावर चढवले आणि शाबासकीची वाट बघत बसली.

अर्ध्या तासात गौरम्माचा फोन.

“अय्यो माया, माझा चौतिसावा भाग कुठं गेला गं?”

“आहे की गौरम्माक्का. बारीक केला. लईच लांबण लागली होती.”

“मला तेच लांबण पाहिजे. तुला म्हणून सांगते, आधी मी तो वाचून रडत होते. मग सात-आठ वर्षं वाचून हसत होते, हे पोरगं तापानं मरतंय आणि ही डोळे बघत बसलीय म्हणून. आता मला त्याच्यावर झोप लागते. पट्टी, डोळे, समुद्र, पट्टी, डोळे, समुद्र... सहाव्या पानाला मी गार. डॉक्टरच्या गोळीनं लागत नव्हती, बघ.”

आपलं लेखन वाचून वाचक सहाव्या पानाला गार होतो, हे ऐकून लेखकानं आनंद मानावा की पान बंद करावं? महामायानं थोडा वेळ काहीच मानलं नाही. पण संध्याकाळपर्यंत अशाच तक्रारी आणखी अकरा आल्या. कुणी बाळंतपणात वाचलं होतं, कुणी बदलीच्या गावी एकटी असताना. नांदेडच्या एका बाईनं लिहिलं, ‘तिसरा मजला परत बांधा. मी माहेरी गेले की गच्चीवर तिथंच उभी राहून वाचत होते.’ महामायानं निमूटपणे मजला चढवला आणि समुद्रात पाणी भरलं. मुकाट्यानं शेवटचा भाग लिहायचा, एवढंच आपल्या हातात, हे तिला कळून चुकलं.

तो कसा लिहायचा, हे विचारायला ती शेजारी दिलशादकडं गेली. ही दुसरी चूक.

दिलशादभाभीचं लेडीज टेलरिंगचं दुकान घराला लागूनच. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या असतानाही बोलणं चालूच. तेरा वर्षांपूर्वी ती प्रत्येक भाग सगळ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवायची. तिनं मशिन थांबवलं आणि आनंदानं एवढ्या मोठ्यानं ओरडली, की समोरच्या दुकानातल्या व्यंकटीलाही ऐकू गेलं : “अरे वा! माया फिरसे फॅन फिक्शन करनार! चारशे लोक थांबून राहिले तिच्यासाठी!”

व्यंकटी हा गल्लीतला इलेक्ट्रिशियन. उन्हाळा तोंडावर आलेला. त्याच्या हातात तेव्हा एक पंखा होता, पाती काढलेला. आता अशा माणसाच्या कानावर ‘फॅन’ आणि ‘चारशे लोक’ हे शब्द पडले, तर त्यानं काय समजावं?

त्यानं त्या दिवसापासून महामायाशी बोलणं टाकलं. नवव्या दिवशी कार्यालयात निनावी अर्ज आला. कार्यालय कोणतं ते इथं सांगत नाही, तिथले साहेब अजून तिथंच आहेत. अर्जावरून नोटीस निघाली. आवक-जावकचं टेबल महामायाचंच, त्यामुळे स्वतःवरच्या नोटिशीला जावक क्रमांक तिनंच घातला, नोंदवहीत ‘श्रीमती सोनकांबळे यांना समक्ष’ असं लिहिलं, स्वतःच्या हातात दिली, आणि मिळाल्याची सही केली. मग वाचली.

‘आपण कार्यालयाची पूर्वपरवानगी न घेता फॅन फिक्सिंगचा खासगी व्यवसाय करीत असून आपली सुमारे चारशे गिऱ्हाईके असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपणाविरुद्ध कार्यवाही का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.’

सोळा वर्षांत तिच्यावर साधा ताशेरा नव्हता. आणि आला तो कशाबद्दल? जिला स्टुलावर चढलं की गरगरतं, ती बाई म्हणे चारशे घरी जाऊन पंखे बसवते! ती तरातरा शिवमूर्ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. शिवमूर्ती साहेब निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, शांत, आणि नियम म्हणजे नियम असे गृहस्थ.

“मॅडम, काय ऐकून राहिलो मी हे?”

“साहेब, फिक्सिंग न्हाई. फिक्शन.”

“म्हंजे?”

“म्हणजे दुसऱ्यानं अर्धी सोडलेली गोष्ट आपण पुढं लिहायची.”

साहेबांनी चष्मा काढला. “म्हंजे प्रलंबित प्रकरण.”

“हां, तसंच म्हणा.”

“मूळ कार्यालयानं बंद केलेलं?”

“हो साहेब. अचानक बंद केलं.”

“मग तुम्ही कोणत्या अधिकारात उघडलं?”

 तेरा वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साहेबांनी शांतपणे सांगितलं, “जे काय लिहिलंय ते सगळं दाखल करा. तीन प्रतींत. बघून निर्णय घेऊ.” ती दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हळूच हाक मारली. “आन् मॅडम... हे न्हाईच, असं तुम्ही म्हणता ते ठीक. पण समजा थोडंफार येत असलं, तर हा वरचा पंखा दोन वर्षं झाली फिरून न्हाई राहिला.”

एकसष्ट भाग तीन प्रतींत म्हणजे कागदाचे तीन ढिगारे. दोन कार्यालयात गेले. तिसरा, आपल्याजवळ ठेवायची स्थळप्रत म्हणून, घरी आला. ठेवायला जागा नव्हती म्हणून तो कोंडाबाईच्या बाजेवर ठेवला गेला. कोंडाबाई म्हणजे महामायाची सासू. वय बहात्तर, अक्षरओळख नाही, पण पंचायतीपासून पाककृतीपर्यंत कोणत्याही विषयावर मत तयार. सून मोबाईलवर ‘कायतरी टायपून राहिली’ एवढंच तिला तेरा वर्षं माहीत होतं, आणि तेवढंच माहीत असावं अशी महामायानं तेरा वर्षं काळजी घेतली होती. त्याचं कारण पुढं येईलच.

“येवढं काय गं हे? कोर्टाचं हाय का?” कोंडाबाईनं विचारलं.

“नाही आत्या. ऑफिसचं.”

तेवढ्यात ब्लाउज द्यायला आलेली दिलशाद म्हणाली, “ऑफिसचं कुठलं, चाची! सासू-सुनेची गोष्ट हाय, मायानं लिहिलेली. लई जबरदस्त सासू हाय त्याच्यात!”

महामायानं डोळ्यांनी खुणा केल्या. पण तोंडात टाचणी असली तरी जी थांबत नाही, ती खुणांनी काय थांबणार?

“सासूची गोष्ट?” कोंडाबाई बाजेवर सरसावून बसली. “वाच की मग.”

आता ते कारण सांगायला हवं. मालिकेतल्या मंदाकिनीदेवी नुसत्याच डोळे वटारायच्या. महामायानं लिहायला घेतलं तेव्हा तिला सासूचे बारकावे पाहिजे होते, आणि पुण्याच्या रेशमी साडीतली एकही सासू तिच्या ओळखीची नव्हती. ओळखीची एकच होती, ती स्वयंपाकघरात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणून मंदाकिनीदेवी वरण पातळ झालं की तोंडानं चकार शब्द काढत नसत. ताटाच्या कडेखाली एक शेंगदाणा ठेवत, ताट कलतं करत, म्हणजे वरण भातावर जाऊ नये. हा सतरावा भाग. त्या काळी चारशे वाचकांनी मंदाकिनीदेवींना त्या शेंगदाण्यापायी जे शिव्याशाप दिले, ते इथं लिहिता येत नाहीत.

रोज संध्याकाळी सहाला, ऑफिसातून आली की ओसरीवर वाचन सुरू झालं. पहिल्या दिवशी कोंडाबाईनं मंदाकिनीदेवींना पसंत केलं. “बाई तोऱ्याची हाय. घर राखून हाय.” आठव्या भागात शर्वरी रडायला लागली तर म्हणाली, “हिला कायतरी काम दे गं.” महामाया वाचत होती आणि एकेक संध्याकाळ सतराव्या भागाकडं सरकत होती. एकदा तिनं सोळावरून अठरावर उडी मारून पाहिली. पण ऐकून ऐकून स्मरणशक्ती पक्की झालेली बाई ती. “मधी कायतरी ऱ्हायलं,” म्हणाली.

वाचावंच लागलं. शेंगदाणा ताटाखाली गेला आणि कोंडाबाईचे सोलणारे हात थांबले.

“पुन्याच्या बाईनं शेंगदाना ठिवला?”

“हो.”

“पुन्यात बी असंच करत्यात?”

“...करत असतील.”

“हाव का,” कोंडाबाई म्हणाली. आणि उठून आत गेली.

मग ते आठ दिवस. कोंडाबाई संध्याकाळी येऊन बसायची, ऐकायची, आणि एक शब्द न बोलता उठायची. भीतीपोटी महामायानं वरण असं घट्ट केलं की त्यात पळी उभी राहिली. त्यावर फक्त एक वाक्य आलं : “हे कापून खायाचं का?” संघपालनं दोघींच्या मध्ये बसून जेवताना चेहरा असा ठेवला, जणू तो त्या घरात भाड्यानं राहतो.

इकडं कार्यालयात साहेब वाचत होते. फाईल वाचल्याशिवाय शेरा मारायचा नाही हे त्यांचं तत्त्व, म्हणून ते पहिल्या पानापासून, हिरव्या शाईचा पेन घेऊन, नियमानं वाचत होते. अडीच महिन्यांनी गठ्ठा परत आला तेव्हा समासात शेरे होते. भाग आठ : ‘अद्वैत हे विनापरवाना गैरहजर. खुलासा घेतल्याचे दिसत नाही.’ भाग एकोणतीस : ‘मंदाकिनीदेवी यांचे म्हणणे ऐकून न घेता निष्कर्ष काढला आहे. हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही.’ भाग एक्केचाळीस, जिथं शर्वरीचे वडील जातात, तिथं नुसतं ‘पाहिले’, आणि कागद ओला होऊन सुकलेला. शेवटच्या पानावर आदेश होता : ‘सदर कर्मचाऱ्याचा पंख्यांशी संबंध नसल्याचे दिसते. तथापि प्रकरण अपूर्ण असल्याने अंतिम निर्णय देता येत नाही. भाग बासष्ट सात दिवसांत सादर करावा.’

जगात कोणत्या लेखकाला शेवटचा भाग लिहिण्याचा लेखी शासकीय आदेश मिळाला असेल? महामायाला धडकी भरायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिची छाती दोन इंच फुगली.

रविवारी दिलशादच्या दुकानात सभा भरली. गौरम्मा सकाळच्या एसटीनं उदगीरहून आली, सोबत डब्यात शेंगांची पोळी. दिलशादची मुलगी नाजिया होती, एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. नांदेडच्या दोघीजणी फोनवर. महामायानं वही उघडली आणि तेरा वर्षांपूर्वी याच बायकांनी काय मागितलं होतं ते वाचून दाखवलं. अद्वैतनं शर्वरीला उचलून गाडीत बसवावं. शर्वरीनं सासूला तोंडावर सुनवावं. बंगल्याचं दार धाडकन लागावं.

“उचलू नको म्हणावं,” गौरम्मा लगेच म्हणाली. “कंबर धरली तर गाडी कोण चालवणार?”

“रजेचा अर्ज दिलाय का हिनं?” नांदेडहून फोनमधून आवाज आला. “शाळेत शिक्षिका आहे ना ती? मध्येच गेली तर सेवेत खंड पडतो.”

“आन् सासूला सुनवायचं कशाला?” दिलशाद म्हणाली. “येवढ्या बंगल्यात येकटी राहनार ती. सिलिंडर कोन लावून देनार? मी तर तवा तिला लई शिव्या दिल्या. आता माझी भावजय वरण पातळ करती, तर माझाच हात शेंगदाण्याकडं जातो.”

 “तुम्हाला हा अद्वैत आवडायचा?” नाजियानं विचारलं. “तो लग्नाआधी तिच्या कॉलेजच्या गेटवर तीन दिवस उभा राहतो. फोन उचलला नाही तर घरी येतो. हे प्रेम नाही मावशी, ही पोलीस केस आहे.”

 ज्या गेटवरच्या तीन दिवसांसाठी या बायकांनी एकेकाळी उपास धरला असता, त्यांच्यावर आता कलम लागत होतं. महामायाच्या मनात आलं, आपण एक अक्षर बदललं नाही तरी ही तीच गोष्ट राहिलेली नाही. चारशे जणींनी ती आपापल्या घरी तेरा वर्षं वापरून वापरून वेगळी करून टाकली आहे. हा विचार तिला एवढा आवडला की तिनं तो वहीत लिहून ठेवला. पण भाग बासष्टच्या उपयोगाचा तो नव्हता.

मुदतीतले पाच दिवस गेले. सहाव्या संध्याकाळी ओसरीवर तिनं एकसष्टावा भाग वाचून संपवला. “‘...मंदाकिनीदेवी दारात आल्या. त्यांनी तोंड उघडलं.’ संपलं आत्या. पुढचं अजून लिहायचंय. उद्या द्यायचंय, आणि ती काय बोलते ते मला कळत नाही.”

तेरा वर्षांपूर्वी कळत होतं. पानभर विखारी भाषण तयार होतं. ते आता तिला कुणाच्याच तोंडात घालवेना.

कोंडाबाईनं त्या शेंगदाण्यानंतर पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं.

“तोंड उघडलं म्हंजे बोलायलाच पायजे का? जांभई आली आसंल.”

“आत्या!”

“मंग काय. कवाची हुभी हाय ती दारात. तिला आधी बसू दे. गुडगे दुखत आसतील.”

“बसून काय करेल?”

“काय करंल? येवढ्या बंगल्यात येकटी काय करंल?” कोंडाबाईनं एक शेंग सोलून टोपलीत टाकली. “ती बी जाती म्हनावं त्यांच्यासंगं.”

“अहो, पण ते तिच्यापासूनच पळून चाललेत!”

“चालू दे की. गाडीत जागा हाय न्हवं?”

महामायानं वही ओढली आणि तिथंच, ओसरीवर, चाळीस मिनिटांत भाग बासष्ट लिहिला. मंदाकिनीदेवी आत जातात, गॅस बंद केला का बघतात, रेशमी साडी बदलून सुती नेसतात, दाराला कुलूप लावतात, आणि गाडीजवळ येऊन मुलाला म्हणतात, ‘पुढची शीट माझी. मागं बसलं की मला मळमळतं.’ शर्वरी मागं सरकते. गाडी निघते. कुठं चालली ते अद्वैतलाही माहीत नसतं, पण मंदाकिनीदेवी त्याला कुठं वळायचं ते सांगायला लागतात.

दुसऱ्या दिवशी भाग पानावर गेला, आणि तीन प्रतींत कार्यालयातही. एका तासात इतक्या प्रतिक्रिया आल्या की मोबाईल तापला. नांदेडच्या बाईनं लिहिलं, हसून हसून शाळेत मुलांसमोर फजिती झाली. नाजियाला एवढंच मान्य झालं, की गाडीत त्या अद्वैतवर लक्ष ठेवायला कुणीतरी आहे. गौरम्मा म्हणाली, “लई छान. पण झोपेला उपयोगाचा नाही. मी आपली चौतिसाव्यावरच राहते.” साहेबांचा हिरवा शेरा आला : ‘संबंधित सर्व पक्षकार एकाच वाहनातून मार्गस्थ झाल्याचे दिसते. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ व्यंकटीनं खाली मान घालून येऊन माफी मागितली आणि साहेबांच्या केबिनचा पंखा फुकट बसवून दिला.

महामायाला वाटलं, सुटलो. आता संध्याकाळी सहा वाजता आपण मोकळे.

पण सहाला कोंडाबाई ओसरीवर येऊन बसली, गठ्ठा पुढं ओढला आणि म्हणाली, “पयल्यापसून वाच.”

“आत्ताच तर संपली आत्या.”

“पयल्यांदा काय हुतंय त्याच्याकडंच ध्यान जातं. आता नीट ऐकते.”

पुन्हा वाचन सुरू झालं, आणि मजा अशी की कोंडाबाई आता भलतीकडंच हसायला लागली, भलतीकडंच गप्प व्हायला लागली. नववा भाग आला. त्यात नव्या सुनेला, शर्वरीला, अंगात ताप असताना मंदाकिनीदेवी घरातले सगळे पडदे धुवायला लावतात. पहिल्या खेपेला यावर कोंडाबाई म्हणाली होती, “सनाला धुवायलाच पायजेत की.” आता तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

“लई वंगाळ बाई हाय ही.”

“तसं नाही आत्या,” महामाया म्हणाली. “शर्वरीनं सांगितलंच नव्हतं ताप आहे म्हणून.”

“सांगाया कशाला पायजे? नवी पोर. ती काय सांगती?”

“मग त्यांना कसं कळणार? घरात सणाची कामं, पाहुणे येणार...”

“तू तिची बाजू नगं घेऊ!”

“मी कुठं घेते? पण इतक्याही काही त्या वाईट नाहीत!”

“हायेत!”

“नाहीत!”

आवाज एवढे चढले की दिलशाद गळ्यातली टेप सांभाळत पळत आली आणि संघपाल हातात उत्तरपत्रिका घेऊन दारात आला. सासू तावातावानं सुनेच्या बाजूनं आणि सून तावातावानं सासूच्या बाजूनं भांडत होती. मध्ये पडायचं तर कुणाच्या बाजूनं पडायचं, हे गणित त्या गणिताच्या मास्तरला सुटेना.

“अहो, त्यांना नसेल दिसलं,” महामाया शेवटी म्हणाली. “माणसाला नाही दिसत कधी कधी.”

 कोंडाबाई टोपलीतली शेंग उचलून सोलायला लागली.

“दिसलं व्हतं मला,” ती म्हणाली. “पन पडदे बी लईच मळले व्हते.”

महामायानं ओठ मिटून हसू आवरलं, ते आवरेना, म्हणून पान डोळ्यांजवळ धरलं आणि दहावा भाग वाचायला सुरुवात केली.